अर्ध्या सबबीचा रकाना

माझ्या टेबलावरच्या फॉर्ममध्ये सातवा रकाना आहे: 'एक्स्टेन्युएटिंग सरकमस्टन्सेस, इफ एनी'. मानकोलीच्या एका गोदामात मी ऑफिसात काम करते. न सांगता गैरहजर राहिलेल्या माणसाने परत आल्यावर हा फॉर्म भरायचा, आणि तोही इंग्रजीत. भरणारे कोण, तर ट्रकमधून खोकी उतरवणारे गडी आणि खोक्यांना टेप मारून लेबलं चिकटवणाऱ्या बायका. म्हणजे शेवटी भरायचा मीच. ज्या गृहस्थाने एसीत बसून हा फॉर्म तयार केला, त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवून समोर रांग लावायची माझी फार इच्छा आहे.

तसं या 'एक्स्टेन्युएटिंग' शब्दाशी माझं भांडण नव्हतं. इथे लागायच्या आधी मी भिवंडीत घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे, आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या आवडीचा. डिक्शनरीत त्याला 'दोषाचे गांभीर्य कमी करणारी परिस्थिती' असलं जडजंबाल काहीतरी दिलेलं असतं. पण शब्दाच्या पोटात साधी गोष्ट आहे, पातळ करणं. संस्कृतातला 'तनु', म्हणजे बारीक, पातळ, म्हणे त्याच्या लांबच्या नात्यातला. चूक माफ होत नाही, नाहीशी होत नाही, फक्त थोडी पातळ होते. वरणात पाणी घातलं म्हणून त्याचं काही ताक होत नाही, तसंच. म्हणून ती पुरती सबब नव्हे, अर्धीच. मी शिकवताना मुलांना बजावायचे की हा शब्द चुकीला लावायचा, माणसाला नाही. चूक पातळ होते, माणूस होत नाही. मुलं माना डोलवायची आणि पेपरात हमखास उलटं लिहून यायची.

गोदामात आल्यावर कळलं, की शब्द माहीत असणं वेगळं आणि समोरच्या दमलेल्या माणसाला तो मराठीत विचारणं वेगळं. 'कारण काय' असं विचारलं तर तो बेधडक सांगतो, पण कारणाचा रकाना सहावा. सातव्यात काय घालायचं? 'सबब' म्हटलं की माणूस चिडतो, मी काय बहाणे करतोय का म्हणतो. 'निमित्त' म्हटलं की त्याला वाटतं मीच त्याची फिरकी घेतेय. जे पूर्वी पॉवरलूमवर होते आणि आता इकडे आलेत, त्या उत्तरेकडच्या गड्यांकडे मात्र नेमका शब्द तयार असतो. ते म्हणतात, मॅडम, मजबूरी लिखो. मजबूरी. चूक केली हेही त्यात आलं आणि दुसरा रस्ता नव्हता हेही आलं. मी कित्येक दिवस त्या एका शब्दावर काम भागवलं.

पण रकान्यात काय चालतं आणि काय नाही, हे शब्दार्थावर ठरत नाही, हे शिकायला मला पहिलं वर्ष पुरलं. ताप चालतो. डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा कागद असला की कुठलाही ताप चालतो. मानकोली नाक्यावरचा ट्रॅफिक जॅमही चालतो, पण तो साहेबांचा. आमचे साहेब म्हणजे माणसांचं खातं बघणारे अधिकारी. ते ठाण्याहून गाडीने येतात आणि आठवड्यातून तीनदा तरी उशिरा येतात. त्यांना कोणी फॉर्म देत नाही. त्याच जॅममध्ये अडकलेल्या टेंपोतून उतरून पळत आलेल्या बायकांना मात्र विचारलं जातं, की घरून लवकर का नाही निघालात. रस्ता तोच, खड्डेही तेच. माझ्या डोक्यात तिडीक जायची ती तेव्हापासून, पण मी गप्प बसायचे. पगार होतो तिथे गप्प बसायची सवय लागते.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती बाई.

अकलोलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला जे पाडे आहेत, तिथल्या सात-आठ वारली बायका आमच्याकडे पॅकिंगला येतात. ठेकेदाराचा टेंपो त्यांना सकाळी सडकेवरून उचलतो. त्यातली ही एक, पस्तिशीच्या आतली, अंगाने काटक. बोलणं मोजकं. सगळ्यांना 'तू' म्हणणारी, साहेबांनासुद्धा. त्यांच्यात तसंच म्हणतात, पण साहेबांचा चेहरा त्या प्रत्येक 'तू'ला आंबट व्हायचा आणि मला आतून बरं वाटायचं. पॅकिंगला तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. चार वर्षांत तिच्या खोक्याची तक्रार आलेली मी टाइप केल्याचं आठवत नाही.

ही नोकरी लागायच्या आधी ती आणि तिचा नवरा दर हिवाळ्यात वीटभट्टीवर जायचे. भट्टीवर बिऱ्हाड हलवायचं तर पोरं बरोबर न्यावी लागतात, आणि पोरं भट्टीवर गेली की शाळा गेली. थोरलीची तशी दोन वर्षं वाया गेली होती. गोदामाचं काम लागल्यापासून बिऱ्हाड जागेवर राहिलं आणि दोन्ही मुली शाळेत टिकल्या. थोरली आता नववीत. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, खोक्यांचा हिशेब देता देता. तक्रार म्हणून नाही, आनंदाने सांगितलं होतं.

आमच्याकडे नियम असा, की न सांगता गैरहजेरीचे तीन मेमो झाले की माणूस कमी. तिचे दोन झाले होते. एकदा मुलीला साप चावला तेव्हाचा, आणि एकदा पुलावर पाणी चढून टेंपोच आला नव्हता तेव्हाचा. दुसरा खरं तर व्हायलाच नको होता. तो मी टाइप केला होता.

आणि मार्चमध्ये ती तीन दिवस आली नाही. निरोप नाही, फोन नाही. चौथ्या दिवशी सकाळी येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. आवाज पार बसलेला. मी फॉर्म काढला आणि विचारलं, कुठे होतीस गं?

"लगीन व्हता पाड्यात," ती म्हणाली. "चुकी झाली माजी. लिव."

मी विचारलं, जवळच्या नात्यातलं का? तर म्हणाली, नात्यातला न्हाय, पाड्यातला. मग जायलाच हवं होतं का? यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, रोज श्वास घ्यायलाच हवा का. मी काय केलं? तो बसलेला आवाज ऐकूनही पुढे काही विचारलं नाही. माझ्यामागे महिनाअखेरची कामं होती. सहाव्या रकान्यात लिहिलं, गावात लग्नाला हजर राहिली. सातव्यात काय लिहू, असं विचारून मी तिला समजावलं, की बाई, चूक झाली हे झालंच, पण ती थोडी हलकी होईल असं काही असलं तर सांग. ती म्हणाली, चुकी केली ती केली, हलकी कशी व्हईल? मी तिथे आडवी रेघ मारली.

दोन दिवसांनी साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. चौकशी म्हणजे साहेब, सुपरवायझर, ती उभी, आणि टिपणं घ्यायला मी. साहेबांनी विचारलं, लग्न कोणाचं? तिने सांगितलं. सख्खं कोणी? नाही. मग तीन दिवस तू तिथे काय करत होतीस? ती म्हणाली, गात व्हते. सुपरवायझर हसला. हा सुपरवायझर गेल्या डिसेंबरात मावसभावाच्या लग्नाला न सांगता आठ दिवस गावी जाऊन आला होता, आणि त्याच्या कागदावर नंतर 'फॅमिली फंक्शन' असं लिहून त्याची रजा बिनबोभाट मंजूर झाली होती. तो कागदही मीच टाइप केला होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो मोबाइल बघायला लागला.

साहेब मला म्हणाले, "लिहा मॅडम, नो एक्स्टेन्युएटिंग सरकमस्टन्सेस. लग्नात गाणी म्हणणं ही काही मजबूरी नाही."

आणि मी लिहिलं. स्पेलिंग बिनचूक लिहिलं. आज मागे वळून बघताना सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

दुपारी तिच्याच पाड्यातली एक वयस्क बाई माझ्याकडे आली. तीही पॅकिंगलाच. म्हणाली, तू काय लिवलास तिचा? ती का मजा करायला गेलती? ती धवलेरी हाय. मला हा शब्द कुठेतरी कानावरून गेलेला होता, पण भिवंडीत जन्म काढून त्याचा अर्थ विचारायची बुद्धी कधी झाली नव्हती. मग तिने मला, लहान पोराला सांगावं तसं, सावकाश सांगितलं.

त्यांच्या लग्नात भटजी नसतो. लग्न लावते ती धवलेरी, आणि ती बाईच असते. भिंतीवर चौक लिहितात, म्हणजे देवांची चौकट चितारतात, त्या चौकात देवांना बोलवायचं ते हिच्या गाण्याने. देव आले की मग लग्न. ती दिवसच्या दिवस गाते. तिने गायचं थांबवलं तर लग्न तिथेच अडतं, आणि ती गाणी येणारी बाई सहजासहजी मिळत नाही, त्यात वर्षानुवर्षं बसावं लागतं. त्यांची जुनी धवलेरी म्हणजे हिची मावशी, तिच्याकडूनच ही शिकली. हळद लागली, पाहुणे जमले, आणि मावशीचा आवाजच बंद झाला. नवरा-नवरी तरी कोण? बरीच वर्षं एकत्र राहणारी, दोन पोरं असलेली. खर्चाची जुळवाजुळव होईना म्हणून राहिलेलं लग्न अख्ख्या पाड्याने मिळून उभं केलं होतं. तेव्हा हिने उठून गायला सुरुवात केली, ती तिसऱ्या दिवशी थांबली. मधे फोन करायला उठणार कशी? आमच्या आळीत भटजी आजारी पडला तर अर्ध्या तासात दुसरा स्कूटरवर येतो, म्हणून मला हे सुचलंच नव्हतं.

मी तशीच उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, चूक माझी आहे. मी फॉर्म चुकीचा भरलाय. ती लग्नाला गेली नव्हती, ती लग्न लावत होती. सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता हे मला माझंच ऐकू येत होतं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे पुरोहितच म्हणायची की. मग तिला काही मिळत असेल ना? मला वाटलं, आता यांना महत्त्व पटतंय. म्हटलं, साडी देतात, नारळ देतात, तांदूळ देतात, मान असतो तिचा.

"मग हे तर आणखी वाईट," साहेब म्हणाले. "ड्युटीच्या दिवशी दुसरीकडे मोबदला घेऊन काम. मी हे रेकॉर्डवर घेत नाही, हे तिच्याच फायद्याचं आहे. तुम्हीही घेऊ नका."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मी त्या दिवशी अनुभवली. वर्षानुवर्षं ज्या शब्दाचं मी पोरांपुढे कौतुक केलं, त्याचं हे काय झालं होतं? चूक पातळ करायला म्हणून घेऊन गेलेली गोष्ट या माणसाने हातात घेतली आणि चूक दुप्पट घट्ट करून परत दिली. वर उपकार केल्यासारखं बोलला. सुपरवायझरला आठ दिवसांत आहेर मिळाला नसेल का? मी ते विचारलंही. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही इमोशनल होताय. या एका वाक्यापुढे बाईमाणसाने काय बोलायचं ते मला अजून सापडलेलं नाही. मी दार जरा जोरात लावून बाहेर आले, तेवढंच.

मग मी ते केलं जे इथे सगळेच करतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं. मालाच्या रॅम्पच्या कडेला ती सावलीत भाकरी खात बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले आणि हळू आवाजात सांगितलं, की हे बघ, तुला कामावरून कमी केल्याचं पत्र अजून गेलेलं नाही, एक रस्ता आहे. गावातल्या एका डॉक्टरांशी माझी ओळख आहे. त्या तीन दिवसांचा कागद ते देतील. तुझा घसा तसाही बसलेलाच आहे. तापही होता म्हणायचं, अंथरुणातून उठवत नव्हतं म्हणायचं. लग्न होतं पण मी आजारी होते, बोलताना माझा गोंधळ झाला, असं सांगायचं. साहेबांनाही कागद हवाच असतो, तो मिळाला की ते गप्प होतील. थोरलीच्या शाळेचा विचार कर.

तिने घास खाली ठेवला. ती रागावेल असं मला वाटलं होतं, पण ती रागावली नाही. मलाच समजावून सांगायला लागली.

"बाय, आजारी धवलेरीनं लगीन लावला तर तो लागत न्हाय. अंथरुणात व्हते असा लिवला, मंग त्या दोघांचा कोनी लावला?"

मी म्हटलं, अगं, कागद इथल्या कपाटात राहणार. तुमच्या पाड्यात कोण वाचायला येतंय?

"मी हाय ना," ती म्हणाली.

मी वैतागले. खरंच वैतागले, कारण तिची नोकरी जात होती आणि ती माझ्याशी देवाधर्माचं बोलत होती. म्हटलं, एवढं काय मोठं आहे त्यात, सगळे करतात, मीसुद्धा केलंय. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मला इतकी रजा शिल्लक नव्हती, मी त्याच डॉक्टरांकडून व्हायरल तापाचा कागद आणला आणि आठ दिवस घरी राहिले. काही बिघडलं का?

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कुत्सितपणा नव्हता, खरीखुरी काळजी होती.

"मंग पोरीचा लगीन लागला तवा तू कुटं व्हतीस? खाटंवं?"

मी बोहल्याशेजारीच होते. हातात अक्षता होत्या, मंगलाष्टकं चालू होती आणि मी रडत होते. साहेबसुद्धा आले होते त्या लग्नाला, सहकुटुंब. बासुंदीची वाटी त्यांनी दोनदा मागून घेतली, आणि सोमवारी ऑफिसात जाऊन माझ्या तापाच्या कागदावर मंजुरीची सही केली. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या बाईने विचारेपर्यंत मला एकदाही वाटलं नव्हतं, की माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी कागदावर तिथे नव्हतेच.

संध्याकाळी टेंपो सुटायच्या आधी ती पत्र घ्यायला आली. मीच टाइप केलेलं, दोन प्रतींत. एका प्रतीवर सही करून द्यायची असते. तिने पेन घेतलं आणि थांबली. म्हणाली, वाचून दाव, काय लिवलाय. मी इंग्रजी वाक्यं मराठीत सांगत गेले. तारखा सांगितल्या, तीन मेमो सांगितले. शेवटच्या वाक्याशी आले तेव्हा मला राग आला. कोणावरचा ते सांगता येणार नाही, साहेबांवरचा तर होताच.

म्हटलं, "इथे लिहिलंय, की तुझ्याकडे काही सबब नव्हती."

"बराबर हाय," ती म्हणाली, आणि थोरलीने शिकवलेली सही तिने त्याखाली सावकाश केली. हिवाळ्यात पुन्हा भट्टीवर जाणार का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. ती टेंपोकडे निघून गेली.

मी ते पत्र तिच्या फाइलला लावलं आणि फाइल कपाटात ठेवली. त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात, माझा ताप आहे, सहीशिक्क्यानिशी.